लेपिडोनोटस

लेपिडोनोटस ही वलयी (ॲनेलिडा) संघाच्या पॉलिकीटा वर्गातील पॉलिनॉइडी कुलात मोडणारी समुद्री कृमींची एक प्रजाती आहे. (प्रजाती म्हणजे निकटच्या नात्यातील जातींचा समूह, मराठी विश्वकोशात या अर्थी ‘वंश’ हा शब्द योजलेला आहे.) पाठीवर एकमेकांवर किंचित चढलेल्या खवल्यांच्या बारा जोड्या, सव्वीस खंडांचे आखूड व चपटे शरीर आणि मस्तकाच्या पुढच्या कडेतूनच सरळ निघालेल्या शृंगिका ही या प्रजातीची ठळक लक्षणे होत. पाठीवरील खवल्यांमुळे पॉलिनॉइडी व तिच्या जवळच्या कुलांतील प्राण्यांना एकत्रितपणे खवलेधारी कृमी म्हणतात. लेपिडोनोटस प्रजातीत आजमितीस सत्तरच्या आसपास जाती मानल्या जातात. त्या उष्ण, समशीतोष्ण व थंड अशा सर्व प्रकारच्या समुद्रांत, मुख्यतः उथळ पाण्यात आढळतात. भारताच्या किनाऱ्यावरूनही यांतील काही जातींची नोंद झालेली आहे.

कृमी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोटातील जंत किंवा चिखलातील एखादा लांबट, गिळगिळीत जीव येतो. लेपिडोनोटस त्या चित्रात बसत नाही. पहिल्या दृष्टिक्षेपात तो एखाद्या चपट्या गोमेसारखा किंवा धोनकुळ्यासारखा भासतो आणि शालेय वह्यांत नेहमी होणारी कृमी व कीटक यांची सरमिसळ येथे अगदी सहज होऊ शकते. परंतु त्याचे पाय सांध्यांचे नसतात, अंगावर कीटकासारखे कठीण कवच नसते आणि खवले उचलून पाहिले तर खाली गांडुळासारखेच वलयांकित, मऊ शरीर दिसते.

या संघातील दोन प्राणी भोर-वेल्हे भागातील विद्यार्थ्याने घराच्या परिसरातच पाहिलेले असतात: भातखाचराच्या बांधावरील गांडूळ आणि पावसाळ्यात ओढ्याकाठी पायाला चिकटणारी जळू. लेपिडोनोटस हा या दोघांचा समुद्रातील आप्त. तो नीरा किंवा गुंजवणीच्या गोड्या पाण्यात सापडणार नाही. मात्र कापूरहोळला महामार्ग सोडून भोरमार्गे वरंध घाट उतरले आणि महाडहून हरिहरेश्वरचा किनारा गाठला, की ज्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या टेकड्या घाटमाथ्यावर मागे टाकल्या, तोच खडक लाटांनी झिजलेल्या रूपात पुन्हा भेटतो. त्याच्या भेगा व सुटे दगड हेच अशा कृमींना मानवणारे वसतिस्थान आहे.

नाव व इतिहास

लेपिडोनोटस हे नाव ‘लेपिस’ (खवला) व ‘नोटोस’ (पाठ) या दोन ग्रीक शब्दांपासून बनले असून त्याचा अर्थ ‘पाठीवर खवले असलेला’ असा सरळ आहे. प्राणिशास्त्रीय नावे पुष्कळदा प्राण्यापेक्षा नाव देणाऱ्याविषयी अधिक सांगतात. हे नाव त्याला सुखद अपवाद आहे.

आधुनिक द्विनाम पद्धतीचा पाया घालणारा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला माहीत असलेल्या खवलेधारी कृमींना ॲफ्रोडिटा या एकाच प्रजातीत ठेवले. ग्रीकांच्या प्रेमदेवतेचे नाव मिळालेल्या या प्रजातीचा मूळ मानकरी म्हणजे ‘समुद्री उंदीर’ या नावाने युरोपात ओळखला जाणारा, अंगभर केसाळ लव असलेला जाडजूड कृमी. आज लेपिडोनोटस स्क्वामाटस म्हणून ओळखली जाणारी जातीही लिनीअसच्या यादीत ॲफ्रोडिटा स्क्वामाटा या नावाने आली आहे. १८०८ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरील प्राण्यांचे वर्णन करताना जॉर्ज माँटेग्यू याने ॲफ्रोडिटा क्लाव्हा ही आणखी एक जात नोंदवली. हे सगळे एका छत्राखाली ठेवणे योग्य नाही हे पुढील पिढीच्या लक्षात आले आणि १८१६ साली विल्यम एल्फर्ड लीच या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने लेपिडोनोटस ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली.

लीच याने हे काम एखाद्या विद्वत्सभेच्या नियतकालिकात नव्हे, तर एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पुरवणीतील लेखात केले. ज्ञानकोश हा इतरत्र सिद्ध झालेल्या माहितीचा संग्रह असतो, अशी आपली समजूत असते. येथे मात्र प्रजातीचा जन्मच ज्ञानकोशात झाला आहे.

पुढे १८५६ मध्ये स्वीडनच्या योहान यालमार किनबेर्ग याने पॉलिनॉइडी हे कुल वेगळे केले आणि १९०२ मध्ये आर्थर विली याने त्यात लेपिडोनोटिनी हे उपकुल मांडले. याच विलीने सिलोनच्या (आताच्या श्रीलंकेच्या) मोती-कालवांच्या क्षेत्रातून जमवलेल्या पॉलिकीट प्राण्यांचा अहवाल १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. मोत्यांच्या व्यापारासाठी झालेल्या पाहणीतून आपल्या शेजारच्या समुद्रातील कृमींची माहिती पदरात पडावी, हा वसाहतकालीन विज्ञानाचा नमुनेदार प्रकार म्हणता येईल.

शरीररचना

प्रौढ लेपिडोनोटस सामान्यतः दोन ते पाच सेंटीमीटर लांब असतो. युरोपातील लेपिडोनोटस स्क्वामाटस पाच सेंटीमीटरपर्यंत वाढतो, तर लेपिडोनोटस क्लाव्हा त्याहून लहान, सुमारे तीन सेंटीमीटरचा असतो. शरीराच्या दोन्ही बाजू जवळजवळ समांतर असून टोके बोथट असतात. रंग बहुधा तपकिरी, करडा किंवा मातकट असून त्यावर गडद-फिकट ठिपके असतात. ज्या दगडावर प्राणी बसलेला असतो त्याच्याशी हा रंग इतका मिसळून जातो, की हालचाल झाल्याखेरीज तो नजरेस पडत नाही.

खंडांची संख्या हे या प्रजातीचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. गांडुळाच्या शरीरात शंभराहून अधिक खंड असतात. खवलेधारी कृमींच्या काही प्रजातींतही खंड वयानुसार वाढत जातात. लेपिडोनोटसच्या प्रौढ प्राण्यात मात्र ते सव्वीस असतात. प्रत्येक खंडाच्या दोन्ही बाजूंस मांसल, वल्ह्यासारखे पार्श्वपाद असतात आणि त्यांतून दृढरोमांचे (राठ केसांचे) झुबके बाहेर आलेले असतात. पार्श्वपादाच्या वरच्या शाखेतील दृढरोम बारीक व नाजूक, तर खालच्या शाखेतील जाड, टोकाशी किंचित वाकलेले व दातेरी असतात. हे जाड दृढरोम दगडाच्या खडबडीत पृष्ठभागात रुतवून प्राणी सरपटतो. ओल्या कातळावर चढणारा माणूस बोटांची पकड घेतो, तशीच ही पकड.

मस्तक लहान व दोन पाळ्यांचे असून त्यावर डोळ्यांच्या दोन जोड्या असतात. मस्तकावर एकूण तीन शृंगिका असतात: एक मध्यभागी व दोन बाजूंस. खालच्या बाजूस दोन जाड, निमुळते स्पर्शांग असतात. बाजूच्या शृंगिकांचा उगम कोठून होतो, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी वर्गीकरणात तो निर्णायक ठरतो. लेपिडोनोटसमध्ये मस्तकाच्या पाळ्याच पुढे लांबून त्यांच्या टोकाशी या शृंगिका बसवल्यासारख्या दिसतात. शेजारच्या हार्मोथोई या मोठ्या प्रजातीत त्या मस्तकाच्या खालच्या अंगाने निघतात आणि पाळ्यांची टोके वर स्वतंत्र, टोकदार राहतात. साधे भिंग हाती असेल तर हा फरक विद्यार्थ्यालाही दिसू शकतो.

तोंडाच्या आत स्नायुमय, नळीसारखी ग्रसनी (घशाचा भाग) असते. ती मोज्याप्रमाणे उलटून बाहेर फेकता येते. तिच्या टोकाभोवती मऊ अंकुरकांच्या वर नऊ व खाली नऊ अशा रांगा असतात आणि आत जबड्यांच्या दोन जोड्या असतात. एरवी आखडलेली ही ग्रसनी बाहेर आल्यावर प्राण्याच्या आकाराच्या मानाने इतकी मोठी दिसते, की प्रथम पाहणाऱ्याला तो दुसराच कोणी प्राणी वाटावा.

खवले

खवल्यांना शास्त्रीय भाषेत एलिट्रा म्हणतात. भुंगेऱ्यांच्या पुढच्या कठीण पंखांनाही हाच शब्द वापरतात, परंतु दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. कृमीचा खवला म्हणजे त्वचेची एक चपटी, तबकडीसारखी घडी. ती एका आखूड देठावर पाठीशी जोडलेली असते. माशाच्या खवल्याप्रमाणे तो त्वचेत रुतलेला नसतो आणि शिंपल्याप्रमाणे चुनखडीचा बनलेलाही नसतो. त्याच्यात चेतातंतू गेलेले असतात, म्हणजे तो संवेदनक्षम असतो.

प्रत्येक खंडावर खवला नसतो. क्रम असा: दुसरा, चौथा, पाचवा, सातवा आणि त्यानंतर एक सोडून एक याप्रमाणे तेविसाव्या खंडापर्यंत. अशा बारा खंडांवर प्रत्येकी एक जोडी, म्हणजे एकूण चोवीस खवले. मधल्या व शेवटच्या, खवले नसलेल्या खंडांवर त्यांच्या जागी लांब, धाग्यासारखे स्पर्शतंतू असतात. चौथा व पाचवा हे लागोपाठचे दोन खंड खवलेधारी असणे ही खवलेधारी कृमींमध्ये सर्वत्र दिसणारी गोष्ट आहे. हार्मोथोईमध्येही तेविसाव्या खंडापर्यंत हाच क्रम असतो. तेथे पुढे २६, २९ व ३२ या खंडांवर आणखी तीन जोड्या येतात आणि एकूण जोड्या पंधरा होतात. बारा की पंधरा, हा पहिला प्रश्न विचारला की किनाऱ्यावर मिळणाऱ्या खवलेधारी कृमींची निम्मी ओळख पटते. मात्र बारा जोड्या असलेला प्रत्येक कृमी लेपिडोनोटसच असतो असे नाही. थॉर्मोरा ही प्रजाती पूर्वी लेपिडोनोटसचीच उपप्रजाती मानली जाई. तिच्यातही खवल्यांच्या बाराच जोड्या असतात आणि तिचे वेगळेपण पार्श्वपादाच्या वरच्या शाखेतील दृढरोमांवरून ठरते.

खवल्याच्या पृष्ठभागावर लहान-मोठ्या गाठी, काटे किंवा कंगोरे असतात आणि बाहेरच्या कडेला पुष्कळदा बारीक झालर असते. जाती ओळखण्यासाठी या गाठींचा आकार, मांडणी व झालरीचे अस्तित्व यांचा उपयोग होतो. लेपिडोनोटस स्क्वामाटसचे खवले मोठे, गाठीदार व झालर असलेले असून सगळी पाठ झाकतात. लेपिडोनोटस क्लाव्हाचे खवले लहान व गोलसर असतात आणि पाठीच्या मध्यभागी एक उघडी पट्टी सोडतात.

खवल्यांचे काम काय, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. संरक्षण हे त्यांतील उघड कार्य होय. परंतु या कृमींना वेगळे कल्ले नसतात, हे ध्यानात घेतले की दुसरे कार्य कळते. खवले व पाठ यांच्या दरम्यान एक अरुंद पोकळी राहते. पाठीवरील सूक्ष्म केसलांच्या (हलणाऱ्या अतिसूक्ष्म तंतूंच्या) सततच्या हालचालीने या पोकळीतून पाण्याचा प्रवाह मागच्या दिशेने वाहत राहतो आणि पाठीच्या पातळ त्वचेतून श्वसन घडते. दगडाखालच्या कोंदट, गाळाने भरलेल्या जागेत राहणाऱ्या प्राण्याला श्वसनासाठी स्वच्छ पाण्याची अशी छपराखालची वाट असणे किती उपयोगाचे आहे, हे सांगावयास नको. हार्मोथोईच्या काही जातींत याच पोकळीत अंडी सांभाळली जातात.

आणखी एक बाब बहुतेक लोकप्रिय लेखनात सरसकट सर्वच खवलेधारी कृमींना चिकटवली जाते, ती म्हणजे प्रकाशणे. हार्मोथोई, पॉलिनोई आदी प्रजातींतील अनेक जातींचे खवले छेडले असता हिरवट प्रकाश फेकतात. प्रसंगी खवला अंगावेगळा होऊन एकटाच लुकलुकत राहतो. त्यामुळे शत्रूचे लक्ष खवल्याकडे वळते आणि प्राणी निसटतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. लेपिडोनोटस या बाबतीत अगदी निराळा आहे. त्याचे खवले प्रकाशत नाहीत आणि सहजासहजी गळतही नाहीत. धोका जाणवला की तो खवले घट्ट धरून अंगाची गुंडाळी करतो. एक भाऊबंद अंगावरचे टाकून पळणारा आणि दुसरा अंगावरचे धरून बसणारा, असे हे दोन स्वभाव म्हणता येतील. गळालेले खवले पुन्हा उगवण्याची क्षमता खवलेधारी कृमींमध्ये असते.

अधिवास व आहार

लेपिडोनोटसच्या जाती भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या खालच्या भागापासून उथळ समुद्रतळापर्यंत राहतात. दगडांच्या खालची बाजू, खडकातील भेगा, प्रवाळांचे मृत खडे, स्पंज, समुद्रशैवालाची मुळे, कालवांचे व शिणाण्यांचे थर, धक्क्याचे खांब आणि जहाजांचे तळ या त्यांच्या नेहमीच्या जागा. कालवांच्या थरात एकावर एक वाढलेल्या शिंपल्यांमुळे असंख्य पोकळ्या तयार होतात आणि त्यांत लहान खेकडे, कोळंबीवर्गीय जीव व कृमी यांची एक वसाहतच नांदत असते. कालवे फोडणाऱ्या बायांच्या कोयतीखाली असे कृमी कितीतरी वेळा येत असणार. पण खाण्याच्या कामाचे नसल्यामुळे ते बाजूला टाकले जातात.

पॉलिनॉइडी कुलातील पुष्कळ जाती दुसऱ्या प्राण्यांच्या अंगावर वा बिळात सहभोजी (यजमानाला विशेष अपाय न करता त्याच्या आश्रयाने राहणारे) म्हणून जगतात. गॅस्ट्रोलेपिडिया क्लाव्हिजेरा ही जात समुद्रकाकडीच्या अंगावर राहते आणि यजमानाच्याच रंगाची होते. खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांपाशी राहणाऱ्या ब्रँकिपॉलिनोईच्या जाती तेथील मोठ्या शिंपल्यांच्या आत आसरा घेतात. लेपिडोनोटसच्या बहुतेक जाती मात्र स्वतंत्रपणे जगतात. नामसाधर्म्यामुळे आणखी एक घोटाळा होतो: लेपिडोनोटोपोडियम ही उष्ण झऱ्यांवरची वेगळी प्रजाती असून ती १९८३ मध्ये वर्णिली गेली. तिला लेपिडोनोटस समजू नये.

हा प्राणी मांसाहारी आहे. तो भक्ष्याचा लांबवर पाठलाग करीत नाही. भेगेत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या लहान कवचधारी प्राण्यावर किंवा कृमीवर ग्रसनी फेकून जबड्यांनी त्याला पकडतो. एका जागी चिकटून राहणारे जीवही त्याच्या आहारात असतात. त्याला स्वतःला मासे व खेकडे खातात.

प्रजनन

नर व मादी वेगळे असतात, परंतु बाहेरून त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. पॉलिनॉइडी कुलात फलनानंतर अंड्यातून ट्रोकोफोर नावाचा, केसलांच्या पट्ट्याने पोहणारा डिंभ (स्वतंत्रपणे जगणारी पूर्वावस्था) बाहेर पडतो. काही काळ तो प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) राहतो. मग त्याच्या शरीरावर खंड व दृढरोम दिसू लागतात, पहिले खवले उमटतात आणि तो तळाशी उतरून सरपटू लागतो. प्रौढ प्राणी आयुष्यभर एखाद्या दगडाखाली राहत असला तरी त्याची जात दूरवर पसरू शकते ती या डिंभामुळे. जहाजांच्या तळाला चिकटलेल्या कालवांतून होणारा प्रसार हा त्यातील मानवी भाग.

भारतातील अभ्यास

भारतीय समुद्रातील पॉलिकीट प्राण्यांच्या अभ्यासाचा आधारग्रंथ पियेर फोव्हेल (१८६६–१९५८) या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने लिहिला. आंजे येथे प्राध्यापक असलेल्या फोव्हेलने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील संग्रहाचा अभ्यास करून १९३२ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५३ मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेत भारत, पाकिस्तान, सिलोन, ब्रह्मदेश व मलाया यांच्या किनाऱ्यांवरील पॉलिकीट प्राण्यांवरचा त्याचा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. लेपिडोनोटस टेन्यूसेटोसस व लेपिडोनोटस कॅरिन्युलाटस या, मुळात तांबड्या समुद्राच्या परिसरातील नमुन्यांवरून वर्णन झालेल्या जाती भारतीय यादीत नेहमी आढळतात. पैकी पहिलीचे वर्णन ग्राव्हिए याने १९०२ मध्ये, तर दुसरीचे ग्रूबे याने १८७० मध्ये केले होते.

महाराष्ट्र व गोवा यांपुरते बोलायचे तर १९७१ साली अ. ह. परुळेकर यांनी या दोन राज्यांच्या किनाऱ्यांवरील पॉलिकीट प्राण्यांवरील लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. परुळेकर हे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कार्यरत होते. ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली असून पश्चिम किनाऱ्यावरील समुद्रतळाच्या जीवांचे बरेचसे संशोधन तेथूनच झाले आहे. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण या १९१६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे. अलीकडे, २०१७ पासून, ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिक उपक्रमातून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवरील जीवांची छायाचित्रांसह नोंद होऊ लागली आहे. शहराच्या गजबजाटाला लागून असलेल्या हाजी अलीसारख्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी किती प्रकारचे जीव असतात, हे त्यामुळे सामान्य मुंबईकरालाही दिसू लागले.

येथे एक गंभीर अडचण सांगणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अभ्यासक, आणि त्यांत फोव्हेलही आला, पॉलिकीट प्राण्यांच्या पुष्कळ जाती जगभर पसरलेल्या आहेत असे मानीत. त्यामुळे हिंदी महासागरात सापडलेल्या नमुन्याला युरोपातील किंवा तांबड्या समुद्रातील जुने नाव देणे ही रूढ पद्धत होती. पुढे बारीक रचनेच्या व अनुवंशद्रव्याच्या तपासणीतून अशी ‘विश्वव्यापी’ जात म्हणजे प्रत्यक्षात अनेक वेगळ्या जातींचे गाठोडे असल्याचे वारंवार दिसून आले. युरिथो कॉम्प्लनाटा हा अग्निकृमी त्याचे परिचित उदाहरण होय. खवलेधारी कृमींच्या बाबतीत अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेच्या मॅरियन पेटिबोन (१९०८–२००३) यांनी जुने नमुने पुन्हा तपासून अनेक प्रजातींच्या व्याख्या काटेकोर केल्या. भारतीय किनाऱ्यावरील जुन्या नोंदींकडे पाहताना म्हणूनच सावधगिरी हवी. यादीत नाव आहे याचा अर्थ त्या नावाचा प्राणी तेथे आहे असा लगेच होत नाही. त्या नावाने ओळखलेला एक प्राणी तेथे मिळाला, एवढाच होतो.

हा केवळ नावांचा वाद नाही. किनाऱ्यावर भराव, बंदर किंवा रस्ता होताना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार केला जातो आणि त्यात समुद्रतळाच्या जीवांची यादी असते. अशा यादीत ‘पॉलिनॉइडी’ एवढाच कुलाचा उल्लेख करून थांबण्याचा प्रघात आहे. कुल पातळीवर पाहिले तर काहीच हरवत नाही, कारण जगात पॉलिनॉइडीच्या सुमारे नऊशे जाती आहेत आणि त्यांपैकी कोणती ना कोणती सर्वत्र मिळतेच. एखादी जात केवळ कोकणच्या कातळपट्टीपुरती मर्यादित असेल आणि तिला लांबच्या समुद्रातील जातीचे नाव मिळालेले असेल, तर ती नाहीशी झाली तरी कागदोपत्री ती तांबड्या समुद्रात सुखरूप राहील. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात २०२० मध्ये हाजी अली व वरळी येथील प्रवाळांचे स्थलांतर करण्यात आले. प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे म्हणून ते घडले. त्यांच्या आसपासच्या दगडांखालील कृमींची चौकशी करणारा कोणताही नियम नाही.

निरीक्षण व ओळख

खवलेधारी कृमी पाहण्यासाठी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांतील पूर्ण ओहोटीची वेळ साधावी. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे उतरत नाही आणि खालचा पट्टा उघडा पडत नाही. पाण्याच्या कडेचा, पालथा घालता येईल एवढा दगड सावकाश उचलावा, खालची बाजू पाहावी आणि तो जसा होता तसाच परत ठेवावा. ही शेवटची सूचना औपचारिक नाही. दगड उलटा राहिला तर खालच्या बाजूचे सावलीतील जीव उन्हाने मरतात आणि वरचे शैवाल अंधारात कुजते. एका सहलीतील चाळीस मुलांनी प्रत्येकी दोन दगड उलटे टाकले तर होणारे नुकसान सहज मोजता येईल.

दगडाखाली लेपिडोनोटसशी गल्लत होईल असे मुख्यतः दोन प्राणी असतात. पहिला कायटन हा मृदुकाय प्राणी: त्याच्या पाठीवर एका ओळीत आठ कठीण पट्टिका असतात आणि तो दगडाला घट्ट चिकटून राहतो. लेपिडोनोटसचे खवले मऊ, दोन ओळींत असतात आणि तो सरपटत निसटू पाहतो. दुसरा प्राणी म्हणजे वर आलेला अग्निकृमी. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या, रेशमासारख्या दृढरोमांचे झुबके असतात आणि पाठीवर खवले मुळीच नसतात. हे झुबके दिसायला मोहक असले तरी बोटात घुसून तुटतात व पुष्कळ वेळ आग होत राहते. खवले नीट दिसल्याखेरीज असा कोणताही केसाळ कृमी बोटाने उचलू नये.

अभ्यासासाठी नमुना घेताना तो थेट मद्यार्कात टाकला तर शरीर आक्रसते आणि खवले निखळून पडण्याचा संभव असतो. मग कोणता खवला कोणत्या खंडावरचा हे कळत नाही. म्हणून जिवंतपणी छायाचित्र घेणे, नंतर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळून प्राण्याला गुंगी आणणे आणि त्यानंतरच तो जतन करणे हा क्रम पाळतात. रचनेच्या अभ्यासासाठी फॉर्मॅलिन चांगले. अनुवंशद्रव्याच्या तपासणीसाठी मात्र मद्यार्कच लागतो, कारण फॉर्मॅलिनमुळे अनुवंशद्रव्य निकामी होते. जुन्या संग्रहालयांतील फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले नमुने आज नव्या प्रश्नांना उत्तर देण्यात तोकडे पडतात, ते याच कारणाने. त्यामुळे नमुने पुन्हा मूळ किनाऱ्यावर जाऊनच गोळा करावे लागतात. मालवण येथे १९८७ मध्ये घोषित झालेले सागरी अभयारण्य आहे. तेथे वनविभागाच्या परवानगीशिवाय कोणताही जीव गोळा करता येत नाही. शालेय सहलीसाठी दगड उचलून पाहणे, खवल्यांच्या जोड्या मोजणे आणि जागा, तारीख व ओहोटीची वेळ यांची वहीत नोंद करणे एवढे पुरेसे आहे.